पन्नीतले स्पीकर

हसाल तर हसा, पण वानखेड्यांच्या स्पीकर-परीक्षेत मीही पंच होतो. वानखेडे म्हणजे शंकर नगरातले आमचे शेजारी. नवं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झाल्यावर मंत्रालयात आले, अन् तेव्हापासून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय घरात कांदासुद्धा येत नाही.

दुकानदार ओळखीचा. त्यानं स्पीकरच्या दोन जोड्या घरीच आणून दिल्या. "चार दिन सुनिए भैया, जो जँचे वो रखिए."

चार दिवस आम्ही डोळे मिटून ऐकून राहिलो अन् वानखेडे वहीत शेरे लिहून राहिले. पहिली जोडी: समाधानकारक. दुसरी: आवाज दबतो.

मी म्हटलं, "मले तर दोन्ही दबलेल्याच वाटून राहिल्या."

"तुमचे कान तयार नाहीत, भाऊ."

पाचव्या दिवशी दुकानदार आला अन् दारातच थबकला. "भैया, पन्नी तो निकाल लेते!"

दोन्ही जोड्या प्लास्टिकातच होत्या. तारेपुरतं तेवढं मागून भोक पाडलं होतं.

मी वानखेड्यांकडे पाहिलं, तर ते माझ्यावरच भडकले. "काहून काढू? एक जोडी वापस नाही का करायची?"

दुकानदारानं दुसऱ्या जोडीची पन्नी टराटरा फाडली अन् गाणं लावलं. काय आवाज! वहिनी पोळी तव्यावर सोडून बाहेर आल्या. वानखेड्यांनी वहीतला शेरा खोडला अन् जाहीर केलं, "हीच पक्की!"

दुकानदार खूश. "तो यहीं लगा दूँ, भैया?"

"हव, पर ये वाली नहीं," वानखेडे म्हणाले. "इसकी तो पन्नी फट गई. हमको पॅकबंद भेजो."