गेम माझा, परवानगी त्यायची

मले सांगा, पैसे देऊन घेतलेली वस्तू वापराले दुकानदाराची परवानगी लागते काय? मी एटापल्लीच्या दवाखान्यात नर्स. ड्युटी संपली का थोडा वेळ गेम खेळते, तेवढाच जिवाले इरंगुळा. माह्या नवऱ्याजवळ हातात धरून खेळाचं जुनं गेमिंग यंत्र आहे. त्यात कार्ड टाकलं का गेम सुरू होते. मी मात्र नवीन घेतलं. कार्डाची झंझटच नाई, सारे गेम ऑनलाइन दुकानातून. "काय तुमी कार्डं सांभाळत बसता," म्हणून त्याले हासलीबी.

मंग एक दिवस एटापल्लीतला मोबाइलचा टॉवर बंद पडला. गेम लावते तं पडद्यावर आलं, 'खरेदी तपासायची आहे, इंटरनेट जोडा.' आता कुठून जोडू? आठवडाभर यंत्र नुसतं उशाशी पडून राह्यलं.

सुट्टीत भद्रावतीले घरी आली, तवा त्या ऑनलाइन दुकानाच्या मदत केंद्राले फोन लावला अन् एटापल्लीतल्या टॉवरचं सारं सांगतलं. तिथला माणूस म्हणे, "मॅडम, तुम्ही गेम नाही घेतला, खेळण्याचा परवाना घेतलाय. तो अधूनमधून तपासावा लागतो."

"मंग बटणावर 'खरेदी करा' काऊन लिवलं होतं?"

त्यानं तो सवाल टाळला. मंग मोठ्या गोडीनं म्हणते, "मॅडम, तुम्ही नेटवर्क असलेल्या गावी राहायला का जात नाही?"

माहं डोस्कंच सरकलं. म्हटलं, "भाऊ, एटापल्लीत माह्या हातावर लेकरं जन्माले येऊन राह्यले. त्यायलेबी सांगू काय, नेटवर्क असन तिथीच जन्म घ्या म्हणून?"