फोम लावलेल्या कंटेनरचे दार

मी, वय ३४ वर्षे, धंदा वेल्डिंग, राहणार वर्कशॉपमागील खोली, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून जबाब देतो की,

माझी थोरली बहीण व भाऊजी वर्षभरापासून जुन्या वीस फुटी मालवाहू कंटेनरमध्ये राहतात. दुपारी पत्रा इतका तापतो की भिंतीला हात लावता येत नाही. म्हणून आतून फोमच्या शीट चिकटवण्याचे काम मी अंगावर घेतले. तीन भिंती व छत झाले होते. त्यात हवेची जाळीही झाकली गेली. ती नंतर कापून मोकळी करणार होतो.

आज दुपारी सव्वाबाराला शीट संपल्या, म्हणून मी दुकानातून आणखी आणायला निघालो. वारा सुटला होता. दार आपटून ओल्या गोंदावरच्या शीट निसटत होत्या. ताई म्हणाली, "बाहेरून दांडा लाव. तू येईपर्यंत मी हा कोपरा दाबून धरते."

मी म्हणालो, "वास डोक्यात जाईल."

"जा रे, दहा मिनिटांत काही मरत नाही मी."

मी दांडा लावला.

दुकानदार जेवायला गेला होता. मी बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो. ताईला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. हात गोंदाचे असतील असे वाटले. मी शीटसाठी थांबलो.

एक वाजून पाच मिनिटांनी परत आलो. शेजारचा रंगारी कंटेनरपासून पाच पावलांवर नळाखाली डबे धूत होता. आतून काही आवाज आला का, असे मी विचारले. तो म्हणाला, "छे! आधी आत चमचा पडला तरी कळायचं. काम झकास झालंय तुझं."

मी दांडा काढला तेव्हा ताई दाराशीच पडलेली होती. दोन्ही मुठी सोलवटल्या होत्या. रंगाऱ्याच्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेले.

तेथे कामावरून आलेल्या भाऊजींनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "दार वाऱ्याने लागलं म्हण. झालं ते झालं." परंतु वाऱ्याने दांडा लागत नाही.

पावणेचारला ताई शुद्धीवर आली. धोका टळला असे डॉक्टरांनी सांगितले. खोलीतील खिडकी उघडी असूनही ती "खिडकी उघड" असे म्हणत राहिली. मी उठून खिडकी लावली व पुन्हा उघडली. नंतर येथे आलो.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "दार बंद झाले" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून "दार मी बंद केले" असे दुरुस्त केले. आता बरोबर आहे.