धाकट्या साडूचे पहिले विमान

मी स्वतः, वय एक्कावन्न वर्षे, धंदा लिफ्ट दुरुस्ती, राहणार बाजारामागील इमारतीत दुसरा मजला, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी असे दोघे राहतो. मूलबाळ नाही. यापूर्वी मी कोणाविरुद्ध तक्रार दिलेली नाही व माझ्याविरुद्धही कोणी दिलेली नाही. रविवारची सुटी मी रिमोटवर चालणारी विजेची विमाने उडवण्यात घालवतो. माझ्याकडे अशी सहा विमाने होती. ती काल माझ्या पत्नीने मोडली, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

"बाईंनी का मोडली?" असे ठाणे अंमलदारांनी विचारल्यावरून पुढील हकीगत सांगतो. माझ्या मते तिचा तक्रारीशी संबंध नाही.

माझ्या पत्नीला एक धाकटी बहीण आहे. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, हा घरच्या पुढच्या खोलीत बसून मेण कोरतो, दात बसवतो, घासूनपुसून देतो. काम नाजूक आहे हे मी नाकारत नाही. आमच्या सासऱ्यांची कवळी त्यानेच बनवली. तेव्हापासून सासरे उठता-बसता त्याचेच गोडवे गातात. जेवायला बसले की पहिला घास चावून माझ्याकडे बघतात व म्हणतात, "धाकट्या जावयाच्या हातात जादू आहे हो!" त्यांच्या इमारतीची लिफ्ट मी वर्षानुवर्षे फुकट बघतो. लिफ्टबद्दल कोणी घास थांबवून काही बोललेले मी ऐकलेले नाही. याचा मला राग आहे. तो मी लपवत नाही.

साडूला विमानाचे वेड माझ्यामुळेच लागले. एकदा मैदानावर आला, तोंडाचा आ वासून बघत राहिला आणि निघताना म्हणाला, "दादा, मलाही शिकायचंय. पहिलं विमान कुठलं घेऊ? तुम्ही सांगाल ते."

मी त्याला माझ्या ओळखीच्या दुकानात नेले. दुकानदाराने नवशिक्यासाठी म्हणून एक पांढरे फोमचे विमान काढले. पंख रुंद व धडाच्या वर बसवलेले, मोटर लहान, हवा कापणारा पंखा मागच्या बाजूला. उडवणारा गोंधळला तरी ते आपले आपण सरळ होते. दुकानदार म्हणाला, "पडलं तर चिकटवा, परत उडवा. पहिलं वर्ष यावरच काढा." हा सल्ला बरोबर होता. मीही पहिले विमान तसेच घेतले होते.

मी साडूला म्हणालो, "अरे, हा तर पांगुळगाडा आहे. तुझ्यासारख्या जादूगाराला शोभतो का?" आणि वरच्या फळीवरचे लढाऊ विमानाच्या आकाराचे विमान खाली घ्यायला लावले. त्याचे पंख अरुंद व खाली, मोटर दांडगी, पंखा पुढे नाकावर, पाती कडक. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, हे तुम्हालाही जड जाईल." साडूने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "दुकानदाराचं ऐकायचं की घरच्या माणसाचं, ते तुझं तू ठरव." त्याने घरच्या माणसाचे ऐकले. मी जबरदस्ती केलेली नाही.

ते विमान त्याच्या हातून पडणार हे मला माहीत होते. पडावे म्हणूनच मी ते निवडले. आमच्या मैदानावर एक पद्धत आहे. नवीन माणसाने पहिल्याच दिवशी विमान मोडले तर त्याने तुकडे बादलीत भरून सगळ्यांसमोरून चालत जायचे व बाकीच्यांनी डबे वाजवायचे. माझीही बादली निघाली होती. ते मी घरी कोणाला कळू दिलेले नाही. साडूची निघावी आणि सासऱ्यांनी ती बघावी, एवढाच माझा हेतू होता.

रविवारी सासू-सासऱ्यांना व दोघी बहिणींना मैदानावर मीच बोलावले. सतरंजी मी अंथरली. सासऱ्यांची खुर्ची धावपट्टीच्या अगदी समोर लावली. नवख्याचे विमान आधी जुन्या माणसाने उडवून बघायचे, असाही आमच्यात शिरस्ता आहे. साडूने मला तशी विनंती केली. तो घाबरलेला होता. म्हणाला, "दादा, एक चक्कर तुम्ही मारून द्या ना." मी म्हणालो, "छे, छे. पहिला मान मालकाचा."

आमच्यातला पहिला नियम असा की, विमानाला हात लावण्याआधी रिमोटवरची वेगाची दांडी खाली ओढायची आणि बॅटरीची वायर काढायची. लिफ्टच्या धंद्यातही तेच, आधी मेन बंद आणि मग हात. हा नियम साडूला सांगायचा राहून गेला. "राहून गेला की सांगितला नाही?" असे ठाणे अंमलदारांनी विचारले. सांगितला नाही.

विमान उडालेच नाही. पट्टीवर थोडे धावले, डावीकडे वळले आणि कडेच्या गवतात नाकावर उभे राहिले. मोडले मात्र नाही. पंख्यात गवत गुंडाळले गेल्याने मोटर थांबली. सासरे पोट धरून हसले. धाकट्या जावयावर हसताना मी त्यांना प्रथमच पाहिले व मला बरे वाटले. मैदानावरच्या मंडळींनी "बादली, बादली" असा पुकारा केला, डबे वाजू लागले. बादली यायच्या आत विमान उचलावे म्हणून साडू धावत गवतात गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो.

रिमोट त्याच्या गळ्यात पट्ट्याने लटकत होता. वेगाची दांडी अर्ध्यावर होती. मोटर थांबलेली होती, बंद नव्हती. गवत सुटले की पंखा फिरणार, हे मला स्पष्ट दिसत होते. मी हात पोचेल इतक्या अंतरावर उभा होतो. "वायर काढ" एवढेच म्हणायला काही वेळ लागत नाही. मी म्हणालो, "अरे आटप, बादली आली!"

त्याने घाईघाईने गवत उपटले. पंखा फिरला व त्याच्या उजव्या हाताला लागला. तो ओरडला नाही. हात काखेत दाबून म्हणाला, "दादा, जरा बघा ना, काय झालं ते. माझ्याच्यानं बघवत नाहीये." मी पाहिले. लांबच्यांना काही दिसत नसल्यामुळे डबे आणखी थोडा वेळ वाजत होते. मेव्हणी गुडघ्यांवर बसून गवतात शोधत होती. जे सापडले ते रुमालात घालून नेले, परंतु डॉक्टरांना जोडता आले नाही.

परवा मी त्याला भेटायला दवाखान्यात गेलो. त्याच्याकडची कवळ्यांची मापे डॉक्टर मंडळींनी परत नेली असल्याचे त्याने सांगितले. वर मलाच म्हणाला, "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मीच घाई केली." मग विचारले, "ते पांढरं विमान घेतलं असतं, तर झालं असतं का हो असं?"

मी म्हणालो, "नाही. त्याचा पंखा मागे असतो, गवतात जातच नाही. मोटरही लहान. फार तर खरचटलं असतं."

"मग हे का घ्यायला लावलंत?"

"गंमत म्हणून," मी म्हणालो. खोटे बोलायची मला सवय नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. माझी पत्नी डबा घेऊन दारातच उभी होती, हे मला माहीत नव्हते.

काल संध्याकाळी मी कामावरून घरी आलो, तेव्हा पत्नी पलंगावर बसून एकेक विमान मांडीवर घेत होती आणि पंख मोडून बाजूला ठेवत होती. आदळआपट नाही, रडणे नाही. भाजी निवडावी तसे तिचे चालले होते. मी म्हणालो, "अगं, वेड लागलंय का तुला? हाताला लागेल."

ती म्हणाली, "नाही लागणार. सगळ्यांच्या वायरी आधी काढल्यात. लग्न झाल्यापासून तेवढं एक तुम्ही मला रोज बजावलंय. त्याला एकदा सांगितलं असतंत, तर?"

शेवटचे विमान मोडून ती उठली, कपड्यांची पिशवी घेतली आणि बहिणीकडे निघून गेली. सासऱ्यांना फोन केला असता त्यांनी माझा आवाज ऐकून ठेवून दिला. आपल्याच घाईने अपघात झाला, कोणावर संशय नाही, असे साडूने लिहून दिल्याचे मला येथे समजले. त्याने माझे नाव घेतलेले नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी विमाने चांगल्या स्थितीत होती व ती मोडण्याचा पत्नीला अधिकार नव्हता, एवढीच माझी तक्रार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. कच्च्या मजकुरात साडूची दोन बोटे गेली असे लिहिलेले होते. ते चूक असल्याने मी काढायला लावले. अंगठ्याजवळचे पूर्ण व मधले निम्मे, असे मिळून दीड बोट गेले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम असून खरे आहे, म्हणून खाली सही करतो.