पांढरी गच्ची

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी होत्या. दुरुस्तीवाल्यानं त्यांच्या फोनवर रिंग देऊन पाहिली.

“वाजतोय की, आजी. काही बिघाड नाही.”

“मग आठ दिवस गप्प का? पारा पंचेचाळीसला गेल्यापासून उष्माघात मदत केंद्रातली मुलगी रोज अकराला फोन करायची. पाणी प्यायलात का, चक्कर येते का, सगळं विचारायची.”

“एकट्या राहणाऱ्यांना करतात, तो?”

“तोच. तिनंच सांगितलं, गच्चीला पांढरा रंग द्या, घर कमी तापतं. दिला.”

“पडला फरक?”

“तर काय. भर दुपारी पंखासुद्धा एकवर पुरतो. मी तिला कौतुकानं सांगितलं, बाळा, आता माझी काळजी मिटली.”

“आणि त्यानंतर फोन नाही.”

“नाही.”

“आजी, यादीतून तुमचं नाव काढलं असणार. ज्यांची घरं तापतात, त्यांनाच करतात ते.”

“असं होय.”

आजींनी फोन रुमालात गुंडाळला.

“हा रंग टिकतो किती रे?”

“चांगला असेल तर पाच वर्षं बघायला नको.”

“पाच.”

त्यांनी रुमाल उलगडून फोन पुन्हा पुढे केला.

“अजून एकदा रिंग दे बरं. मघाशी लवकर बंद केलीस.”