चौदा मार्चची गाडी, एक जूनचा माणूस

...आणि वर त्या गाडीला एसी, तुम्हाला सांगतो. माणसांना नाही, गाडीला. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात मे महिन्यात पत्र्याखाली आम्ही पंधरा जण शिजत होतो आणि शेजारच्या काचेच्या खोलीत ती बया चोवीस डिग्रीवर, अंगावर मऊ चादर ओढून... बसा ना, बसा, बॅग ठेवा इकडे, आपण सगळी तीन तास आधी विमानतळावर येऊन बसणारी माणसं, अजून दोन तास आहेत. मघाशी काउंटरवर तुम्ही विचारलंत ना, ‘काका, कायमचे चाललात का?’ म्हणून सांगतो. कायमचा. चोवीस वर्षांनी. सकाळी व्हिसा कॅन्सलचा कागद हातात आला, मी बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. मला काही वाटलं नाही.

तर ती गाडी. अमेरिकन, एकोणीसशे एकोणसत्तरची, दोन दारांची, नाक हे एवढं लांब आणि इंजिन सात लिटरचं. सात लिटर हो, आमच्या घरी पाण्याची कळशी तेवढ्याची होती. मसल कार म्हणतात तिला. आमचा अरबाब, म्हणजे मालक, जाडजूड प्रेमळ माणूस, हसला की आधी पोट हलतं आणि मग आवाज येतो, त्याने ती अमेरिकेतल्या कुठल्याशा कोंबड्यांच्या खुराड्यातून उचलून आणली. नव्वद हजार दिरहम. म्हणजे आजच्या तेराच्या भावाने अकरा लाख सत्तर हजार रुपये. सीटमधली पिसं फुकट.

आता गोम काय, की त्या कंपनीने साध्या इंजिनाच्या गाड्या काढल्या हजारोंनी आणि सात लिटरच्या काढल्या थोड्या. मग लोक काय करतात? साधी गाडी घ्यायची, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं आणि असली म्हणून खपवायची. म्हणून खरी कुठली, खोटी कुठली हे सांगणारी माणसं असतात तिकडे, ती येऊन बघतात आणि कागद देतात. कागद असेल तर गाडी, नाहीतर भंगार. अरबाबने माझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘गुणवंत, ये तुम्हारा काम. ओरिजिनल बनाओ.’ मी म्हटलं, अरबाब, ओरिजिनल बनवत नसतात, ते असावं लागतं. तो म्हणाला, ‘यल्ला,’ म्हणजे चल, लाग, ‘बनाओ.’

पाच वर्षं! पाच वर्षं मी तारखा जुळवल्या. कारण गाडीचा जन्म चौदा मार्च एकोणसत्तर, आणि तिच्या प्रत्येक पार्टवर तो कधी बनला ती तारीख असते, ती चौदा मार्चच्या आधीची पाहिजे, पण फार आधीची पण नको. अल्टरनेटर डिसेंबरचा, चालेल. एप्रिलचा? खलास. पोर आधी आणि आई मागून, असं कसं होईल? काचेवर तारीख, रेडिएटरवर तारीख, अहो सीटबेल्टच्या पट्टीवर तारीख. लग्नात पत्रिका बघायला भटजी अर्धा तास घेतो. मी एका वायपरच्या मोटरसाठी अमेरिकेला सतरा फॅक्स केले.

आणि नुसतं जुनं असून भागत नाही, चुकासुद्धा जुन्या पाहिजेत. कारखान्यात त्या दिवशी रंगाऱ्याने घाईत रंग मारला असेल, दाराच्या आतल्या बाजूला ओघळ आला असेल, तर तो ओघळ तसाच तिथे पाहिजे. आमचा पेंटर युसुफ, रत्नागिरीकडचा, तीस वर्षांत ज्याच्या रंगाला कधी ओघळ आला नाही असा माणूस, त्याला मी सांगितलं, युसुफभाय, इथे एक ओघळ सोड. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘गुणवंता, माझा हात थरथरतंय काय रे, की मी ओघळ सोडू?’ मी म्हटलं, कारखान्याच्या जुन्या फोटोत आहे. ‘फोटोतलो तो दारू पिऊन आलेला असंल, मी नमाज पढून आलंय.’ शेवटी सोडला त्याने. सोडला आणि दुपारी जेवला नाही.

तर असं पाच वर्षं तारखांमध्ये राहिलो आणि माझी स्वतःची तारीख? एक जून. हसलात ना? तुमच्या वडिलांची पण एक जूनच असणार. संगमेश्वरच्या पलीकडे आमचं गाव, शाळेच्या पटावर एकोणचाळीस पोरं, चाळिसावं आलं की दुसरा मास्तर मिळणार. बाप मला सहज सोबत घेऊन बाजाराला चाललेला, गुरुजींनी रस्त्यात अडवलं, ‘किती वर्षांचा?’ बाप म्हणाला, चारचा होईल श्रावणात. गुरुजी म्हणाले, ‘बघू, हात कानाला लागतो का.’ ते माहीत आहे ना? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा, धरता आला की मूल सहा वर्षांचं झालं. आता आमच्या घराण्यात हात लांब. बापाचे लांब, आजाचे लांब, उभ्या उभ्या गुडघा खाजवणारी माणसं आम्ही. हात गेला कानाला. ‘झाली सहा पूर्ण!’ गुरुजींनी लिहिलं, एक जून बेचाळीस. खरा जन्म चव्वेचाळीसचा, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, त्याच साली उन्हाळ्यात मुंबईच्या गोदीत स्फोट झाला होता म्हणून आईला पक्कं आठवत होतं. दोन वर्षं, दोन महिने. चार वर्षांच्या पोराला काय फरक पडतो? मला गूळ दिला गुरुजींनी. मी खाल्ला.

फरक आत्ता पडला. या एक जूनला साठ झाली, कागदावर, आणि साठ झाली की व्हिसा पुढे वाढणं कठीण. आणि माझ्या व्हिसावर माझी अस्मी. ती बघा, खांबाजवळ, कानात वायरी घालून बसलीय, शेजारी तिची आई आहे, स्मिता. अस्मी इथेच जन्मली, इथेच वाढली, इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली, दोन राहिली. मोजून दोन. माझी जी गुरुजींकडे राहिली ना, तेवढीच.

मी अरबाबला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘गुणवंत, टेन्शन नहीं. गाडी का पेपर आने दो, मैं खुद ऑफिस जाएगा, दो साल, इन्शाल्ला.’ आणि तो शब्दाचा पक्का माणूस आहे. म्हणजे आता बघा, गाडी खरी ठरली तर मी राहणार, मी राहिलो तर पोरीची डिग्री. सगळं त्या इंजिनावर.

आणि त्या इंजिनाची वाट कुणी लावली? मीच.

दसरा होता. आपल्यात दसऱ्याला हत्यारं पूजतात, मी चोवीस वर्षं पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळ्याची पूजा करत आलोय, युसुफ नारळ फोडायला यायचा. इंजिन स्टँडवर होतं. त्याच्या पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी असते, तिथे नंबर ठोकलेला, मातकट, काळा. मला बघवेना. देवापुढे असं ठेवायचं? चिंच लावली. घरची तांब्याची भांडी काढतो तशी काढली, वरून बारीक पॉलिश पेपर मारला, अशी चकाकली की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. प्रसन्न वाटलं हो. त्या दिवशी शेवटचं काहीतरी वाटलं असेल मला.

मेच्या वीस तारखेला तो अमेरिकन आला, मिस्टर वेस्ली. काटकुळा, हाफ पँट, हातात टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. अरबाबने त्याच्यासाठी गाडीखाली गालिचा घातला. तीन दिवस तो माणूस गालिच्यावर पडून होता आणि तीन दिवसांत एकच शब्द, ‘हम्म.’ काच बघितली, हम्म. वायपर बघितला, हम्म. युसुफच्या ओघळापाशी थांबला, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘ब्युटिफुल.’ युसुफ बाहेर निघून गेला.

मग इंजिनाची पट्टी. टॉर्च मारला. आरसा लावला. हम्म नाही. मग उठून बसला आणि म्हणाला, ‘हू क्लीन्ड धिस?’ मी म्हटलं, मी. ‘व्हाय?’ आता काय सांगू? दसरा इंग्रजीत कसा सांगू? म्हटलं, सर, फॉर गॉड. तो म्हणाला, त्या पट्टीवर कारखान्याच्या मशीनचे बारीक चरे असतात, तेच असलीपणाची खूण, ते गेले, आता हा नंबर काल ठोकला की एकोणसत्तर साली, मी सांगू शकत नाही. ‘आय कान्ट साइन धिस.’ अरबाबचं पोट हललं नाही. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे किती चांगला माणूस बघा. मला अस्मीचं कॉलेजचं दप्तर दिसलं. दप्तर दिसलं, पण वाटलं असं काही नाही.

वेस्ली म्हणाला, एक जागा आहे. गिअरबॉक्सच्या डोक्यावर, बॉडीच्या खाली, तोच नंबर पुन्हा ठोकलेला असतो, तिथपर्यंत खोटारडेसुद्धा पोचत नाहीत. पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही आणि त्याचं विमान संध्याकाळी. चार वाजलेले. त्याचा हात कोपरापर्यंत गेला. युसुफचा मनगटापर्यंत. मी शर्ट काढला आणि गालिच्यावर आडवा झालो.

खांद्यापर्यंत गेला हो हात. गाल गाडीच्या पोटाला चिकटलेला, डोळे मिटलेले, आणि बोटांना लागले ते आकडे. पातळ कागद घेतला, वर पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तशी, अंधारात, आंधळ्यासारखी, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नीट उमटलं. बाहेर काढून वेस्लीच्या हातात दिलं. त्याने एकेक आकडा जुळवला. ‘हम्म,’ म्हणाला. मग माझ्या हाताकडे बघत म्हणाला, ‘दॅट्स सम आर्म.’ आणि सही केली. हंड्रेड परसेंट ओरिजिनल, ऑल नंबर्स मॅचिंग.

अरबाबने मला मिठी मारली. ग्रीससकट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, तुम्हाला सांगतो, तो खरंच व्हिसाच्या ऑफिसात गेला, मला घेऊन, पांढरीशुभ्र कंदुरा, म्हणजे त्यांचा तो पायघोळ झगा, घालून. आणि तिथे त्या देवमाणसाने काय केलं? खरं सांगितलं! ‘ये पासपोर्ट का तारीख गलत है, ये आदमी असली में सत्तावन है, उसका मास्टर ने गलत लिखा, हाथ लंबा था.’ आणि मला म्हणाला, ‘दिखाओ.’ मी त्या ऑफिसात, टोकन घेतलेल्या शंभर माणसांसमोर, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. अधिकारी शांतपणे बघत होता. मग अदबीने म्हणाला, पासपोर्ट चुकीचा असेल तर मला तो बघताच येत नाही, आधी दुरुस्त करून आणा.

गेलो आपल्या लोकांकडे, भारतीय वकिलातीत. खिडकीतला म्हणाला, ‘जन्मदाखला?’ म्हटलं, तेव्हा आमच्याकडे नव्हता कुणी काढत. ‘मग पुरावा?’ म्हटलं, त्या साली गोदीत स्फोट झाला होता. ‘स्फोटाचा दाखला नाही चालत काका. शाळा सोडल्याचा आणा.’ तो दिला. एक जून. आयटीआयचा दिला. एक जून. जुने तीन पासपोर्ट दिले, लायसन्स दिलं, एक जून, एक जून, एक जून. त्याने सगळे ओळीने मांडले, बोटाने तपासले आणि खूश होऊन म्हणाला, ‘काय प्रॉब्लेम आहे? तुमचं सगळं मॅच होतंय.’

मी हसलो नाही. पाच वर्षं त्या शब्दासाठी मी झिजलो, मला कळतं त्याचा अर्थ काय. मॅच झालं म्हणजे असली. त्यावर अपील नाही.

घरी येऊन अस्मीला सांगितलं. म्हटलं, पुण्यात बघतोय, एक वर्ष वाया जाईल, होस्टेल मिळेल. ती म्हणाली, ‘इट्स ओके, पप्पा.’ आणि खोलीचं दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आज सकाळी निघताना गॅरेजवर गेलो. काचेच्या खोलीत गाडी, भिंतीवर फ्रेममध्ये तिचा कागद, अरबाब रडत होता, युसुफ कोरड्या फडक्याने तेच तेच दार पुसत होता, ओघळ सोडून. मी सगळ्यांना हात मिळवला आणि निघालो.

आणि आता मघाशी, अर्धा तास झाला असेल, इमिग्रेशनला. तुम्ही माझ्या मागेच होतात. तो कोवळा पोरगा काचेमागे, त्याने पासपोर्ट उघडला, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तारीख, पुन्हा मी. मला म्हणतो, ‘सिक्स्टी? ला, ला, हबीबी. यू नो सिक्स्टी. यू मॅक्सिमम... फिफ्टी-सेव्हन.’

चोवीस वर्षांत पहिला माणूस! ना टॉर्च, ना आरसा, नुसतं बघून बरोबर वय सांगितलं. आणि मी काय केलं? सवय हो, कागदाची सवय... मी बोट ठेवून दाखवलं, ‘नो सर, सी, पासपोर्ट. फर्स्ट जून. सिक्स्टी.’ तो म्हणाला, ‘ओके, सॉरी,’ आणि शिक्का मारला.