पडलेला बेहडा

मामी, वाडीतली वडीलधारी माणसं, समदी मंडळी. मला बोलायला उभं केलंय, पण मी टेम्पो चालवणारा माणूस. माईक धरायची सवय न्हाई. धोंडीबामामा गेल्या सोमवारी गेले, अन् आज बी त्यांची शेरडं दाराकडं बघत उभी हायत. काय बोलू?

दोन वर्सांमागं शिवऱ्याजवळ माझा टेम्पो कलंडला. शेजारी माझा धाकटा भाऊ बसला व्हता, दत्तू. तो गेला. मला खरचटलं बी न्हाई. तुमच्यातल्या कैक जणांनी सांगितलं, तुझी चूक न्हाई. म्या कुणाचं ऐकलं? टेम्पोची किल्ली दिसली तरी मी उठून आत जायचो. बोलणं बंद, जेवण बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोप लागायला लागली. पण सकाळी उठून करायचं काय?

अन् एक दिवस मामा किकवीला माझ्या दारात. मी पूर्वी त्यांची शेरडं टेम्पोतनं बाजाराला न्यायचो, एवढीच वळख. तेवढ्या वळखीवर वेल्ह्याहून एसटी बदलत आले. उपदेश न्हाई, काय न्हाई. म्हणाले, "चल वर वाडीला. मला माणूस पायजे. गोळ्या घे संगं."

पहिल्याच दिवशी म्या काय केलं ठावं हाय? शेरडं वाटेत आडवी उभी राहिली, तर म्या तोंडानं हॉर्न वाजवला! शेरडं चहूकडं पांगली. मामा खाली बसून हसले. मग मी बी हसलो. दत्तू गेल्यावर पहिल्यांदा. हसलो अन् लगेच लाज वाटली.

शेरडं वळवायला म्या देवराईतनं एक वाळकी काठी उचलून आणली. तवा मात्र मामा हसले न्हाईत. तुमाला रीत ठावी हाय. राईत अनवाणी जायचं, बोलायचं न्हाई, पडलेलं पान बी बाहेर न्यायचं न्हाई. किकवीच्या माणसाला काय ठावं? मामा म्हणाले, "जिथनं उचललीस तिथं ठिऊन ये."

गेलो. तिथं तो बेहडा आडवा पडलेला. मामांच्या वडलांच्या वक्ताला वादळात पडला, तवापासून कुणी त्याची ढलपी बी नेली न्हाई. चौघांच्या कवेत मावायचं न्हाई असं खोड. त्यावर हिरवंगार शेवाळ, शेवाळातनं मुंग्यांची रांग, ढोलीत मधमाश्या. अन् मधोमध, त्याच्या पोटातनं, माझ्या डोईहून उंच जांभूळ! मी उभाच राहिलो. किती वेळ, मला सांगता यायचं न्हाई. एवढं समदं चाललंय अन् मला पत्ता न्हाई? मी केवढा, माझं दुख केवढं, काय समजंना. भीती वाटली. अन् बरं बी वाटलं. म्या खोडावर हात ठिवला. काढून घ्यावासा वाटला न्हाई.

बाहेर येऊन इचारलं, "मामा, ते झाड मेलंय का जितं हाय?"

मामा म्हणाले, "मला बी सांगता येत न्हाई. उद्या परत बघ."

मी रोज बघितलं, मंडळी. महिनोन् महिने बघितलं. रोज काहीतरी नवं दिसायचं. मामा रोज गोळीची आठवण करायचे, भाकरी पुढं करायचे. गाडी परत कधी चालवणार, असं त्यांनी कधी इचारलं न्हाई. एकदा बी न्हाई.

सोमवारी दवाखान्यातनं मामांचा देह वर आणायचा व्हता, अन् गाडी म्हंजे माझाच टेम्पो. तुमी कुणी माझ्याकडं बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता, मला कळत व्हतं. टेम्पो इतके दिवस माझा मेव्हणा चालवायचा. म्या त्याच्याकडनं किल्ली मागून घेतली. मामी पुढं बसल्या, दत्तूच्या जागेवर. घाटाच्या पहिल्याच वळणाला माझा पाय ब्रेकवरनं निघंना. मामींनी बघितलं. म्हणाल्या, "सावकाश घे. त्यांना आता घाई न्हाई."

म्या सावकाश घेतली. दत्तूला मला घरी आणता आलं न्हाई. मामांना आणलं.

आता राईची रीत पाळू. समद्यांनी चपला काढा. माईक बंद करा. कुणी काय बोलू नका. राईकडनं जे ऐकू येईल ते ऐका.

मामा, उद्या परत बघतो.