बुधरीच्या खिडकीचं माप

हॅलो?

हॅलो… हो, चांदा. आरामशीन. कोन पाह्यजे?

लटारू सुतारच बोलून राह्यलो. …कुठून? रेंज ऑफिस? …हो, हो, माही बहीणच आहे. इंदुबाई. नर्स. जोडा ना. जोडा, जोडा.

बाई?

बोल, बाई. …नाई, आयकू नाई येत. आरा चालू आहे मागं. थांब. चैतूभाऊ! आरा बंद करा गा जरासक! बहिणीचा ट्रंक कॉल आहे जंगलातून!

हां. आता बोल.

बरे आहोत. सारे बरे. आशा बी बरी. …अवं ऐक ना, पहिले माही गोष्ट ऐक. माही सरकती जाळी साहेबाले पटली! ओव्हरसियर साहेब आज चार वाजता नमुना पाहाले येऊन राह्यले. साठ खिडक्या, बाई. साठ! साऱ्या क्वार्टरांच्या. एका क्वार्टरची खिडकी दुसरीसारखी नाई, कोनती हातभर, कोनती दोन हात. साहेबच म्हणाले, लटारू, तुह्या बहिणीच्या दवाखान्यात लावली तशीच पाह्यजे. चौकट कशी बी असो, पल्ला ओढला की बसली…

काय?

कोनाले?

बुधरी… कोन बुधरी? …हो, ते पहिलटकरीन. तिच्या गावची कोनीच आजवर दवाखान्यात नाई आली, हेच पहिली, म्हणत होतीस ना? पोरगी झाली म्हणून निरोप धाडला होतास. आठ दिवसांची झाली असन आता. …हो ना. बेस.

ताप? कोनाले, पोरीले?

आईले. …केव्हापासून?

हं. थंडी वाजून. दात वाजतात. …मग हिवतापच आहे तो, बाई. गोळ्या दिल्या ना तू? …मग उतरंल. इतक्या लोकायले तूच त बरं केलं…

मच्छर? माह्या जाळीतून?

नाई. होऊच शकत नाई. जाळी नागपूरहून आणली म्या, इतकुसा किडा जात नाई तिच्यातून. दारातून आले असतील. …दाराले पडदा आहे. बरं. मग गावातूनच ताप घेऊन आली असन ते. …आं? बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवस तिथीच होती? तूच आणून ठेवली होती?

हं.



कोन म्हणते असं, तिची सासू? …'आमच्या घरी खिडकीच नाई, धूर असते, मच्छर टिकत नाई. ह्या खोलीत मच्छर आत येते अन् जाळीमुळं बाहेर निघत नाई.' …असं म्हणते? …लोकं हसले? माह्या जाळीले?

बाई, तू काय म्हणालीस त्यायले?

मच्छरदाणी लावा म्हणालीस.

मग काऊन नाई लावत ते? …हो का. जीव घाबरते. जाळ्यातल्या मासोळीवानी वाटते म्हणते. …आता काय बोलावं, बाप्पा.

नाई वं, हसून नाई राह्यलो.

घेऊन जातो म्हणते? कोन, नवरा? काय नाव त्याचं… इसरू. बाजेवर टाकून? तापात? अकरा मैल जंगलातून? आठ दिवसांच्या लेकरासंगं? बाई, तू अडव ना! तू नर्स आहेस की कोन आहेस! …हो. …हो, समजलं. उद्याचा एक दिवस थांबतो म्हणाला. उद्या अंधार पडाच्या आत खिडकी पक्की झाली त राहील, नाई त तिले उचलून नेईल.

अन् तिले रस्त्यात काई झालं, त त्या गावची दुसरी कोनी तुह्या दवाखान्याची पायरी चढणार नाई. …सांगाले नाई लागत, बाई. दोन वर्सं तू कशी घरोघरी फिरलीस, मले मालूम आहे.

थांब. घाई नको करू. मले एक सांग, जाळी फाटली का? …नाई. चौकटीपाशी फट? …नाई. वर? खाली? …मग मच्छर येते कुठून?

हे पाह्य, नमुना माह्यासमोरच उभा आहे. तुह्यासारखाच आहे, मोठा आहे फक्त. दोन पल्ले, एकामागं एक. ओढले की चौकटीले टेकतात. मधात दोघांच्या उभ्या पट्ट्या एकमेकीवर बसतात. पक्क्या. बोट घालून पाह्यतो… नाई जात. पेन्सिल… पेन्सिल बी नाई जात. सांगतलं ना तुले.

अं?

तीच खिडकी सर्वात लहान? …बुधरीच्या बाजेजवळची. बरं. …म्हणजे तिथी पल्ले पुरे ओढलेले नाईत. चांगलेच आत सरकवलेले आहेत, एकावर एक…

थांब. थांब थांब. फोनचा चोंगा खाली ठेवतो, जाऊ नको.

…

…

बाई.

पेन्सिल जाते.

अवं, पुरी जाते. ह्या बाजूनं जाते अन् त्या बाजूनं निघते. खालपासून वरपर्यंत फट आहे. …कसं सांगू… पुरी ओढली त पट्टीवर पट्टी बसते. आत सरकवली की पट्टी दुसऱ्या पल्ल्याच्या जाळीसमोर येते, अन् लाकडाच्या जाडीनं मधात जागा राहते. मच्छर कायले, पाखरू जाईल. …इथी म्या नेहमी ओढूनच पाह्यली. रुंद करून. सरकवून कधी पाह्यलीच नाई. सरकती जाळी, अन् सरकवून नाई पाह्यली!

हो, ऑपरेटर भाऊ, झाले तीन मिनिटं, मालूम आहे. वाढवा. बाई, तू सांग त्यायले, वाढवा म्हण.

आहेस ना? …हां.

आज रात्रीपुरतं एक कर. जुन्या लुगड्याची घडी घाल अन् त्या फटीत ठोस. वरपासून खालपर्यंत. …काऊन नाई राहणार? …कोन सरकवते?

इसरू?

रोज? …म्हणजे सांजच्याले बाहेरून पल्ला सरकवते अन् बायको-पोरीले पाहते. …पोरीले बोट लावते. हं. …अन् तू त्याले आत काऊन येऊ देत नाईस? …कोनाचा नियम, बाई? तुहाच ना? मग तूच मोड. हातपाय धुऊन दारातून येऊ दे त्याले. आपलं लेकरू पाहाले माणूस खिडकी नाई उघडणार त काय करणार!

रागावू नको. बरं, मी कोन शिकवणारा. …हो, चुकी माहीच आहे पहिली. मानतो.

काय म्हणालीस?

…न सरकणारी.

हो. ते त बरोबरच आहे. एका पल्ल्याची, मापाची, खिळे मारून बसवलेली. तिच्यात फटीचं कामच नाई. …आजच्या आज होते, कायले नाई. दसरूचा ट्रक उद्या पहाटे आलापल्लीले जाते लाकडं आणाले, त्याच्यावर टाकीन. दुपारपर्यंत पोचते. …इसरू येईल घ्याले? स्वतः? तुही सायकल घेऊन? …मग झालं. तो घेऊन गेला त त्याचाच भरोसा बसंल.

माप?

हो… कामट्या…

आहेत ना. नाई, म्हणजे… तू धाडल्या होत्या, मालूम आहे. सहा खिडक्यांच्या सहा कामट्या, बांबूच्या, एकेक खिडकीएवढी कापलेली. तिसऱ्या कामटीवर तीन खाचा, ते बुधरीची खिडकी. …हो. तीन खाचांची. ध्यानात आहे.

…

बाई, आहेस का फोनवर?

त्या कामट्या चुलीत गेल्या.

आशानं… सैपाक करताना… तिले काय मालूम, बांबू पेटते झटकन…

नाई.

नाई, बाई, आशानं नाई. म्याच. लाकडं चिकटवाचा सरस गरम कराचा होता. पाऊस होता, ओली लाकडं पेटत नव्हती. कोपऱ्यात दिसल्या, ढलप्या समजून लावल्या. सरस उतू आला तेव्हा खाच दिसली जळताना. एक वाचली होती, अर्धी. …मिरगात. तवापासून लपवून राह्यलो.

सांगाले पाह्यजे होतं. हो. …तू अठरा मैल सायकल हाणून त्या ट्रकवर ठेवून आली होतीस. कोन्या तोंडानं सांगू? म्हणून मग मी म्हणालो, अशी जाळी करू का जिले मापच लागणार नाई. …हो. तेच. सारे वाखाणून राह्यले ते डोकं असं चाललं होतं माहं. मापं जाळली म्हणून.



बाई, शिव्या दे, पण बोल. मिनिटं चालले.

…हसून राह्यलीस की रडून राह्यलीस?

बरं. बरं. नको रडू. ऐक. दवाखाना किती दूर आहे तिथून? …दोन मैल. जाऊन येशील तवर ऑफिस बंद होईल, अन् लाइन पुन्हा मिळंल का नाई देव जाणे. इंच-फूट तुले ध्यानात आहे का? …नाई. उंची तीन फूट, साऱ्यांची एकच, ते मले पाठ आहे. रुंदी पाह्यजे. आठव ना. पडदा शिवला होतास का? बाज लावली होती का तिथी?

वितीनं?

वितीनं मोजली होतीस? कामटी कापाच्या आधी? किती? …तीन विती. बरोबर तीन? …तिसऱ्या वितीची करंगळी चौकटीले टेकते. पक्कं ना? …हो हो, भरोसा आहे.

पण तुही वीत, बाई. माही लावून नाई चालत, माहा हात म्हणजे फावडं. तिथी फूटपट्टी? …गार्ड कपाटाले कुलूप लावून गेला. टेप? …कायलेच हात नाई लावता येत. बरं.

आशाची वीत? …नाई, आशा ठेंगणी, तू उंच. नाई जमत. अर्धा इंच कमी आला की पुन्हा तेच, पुन्हा फट.

थांब.

बाई, तुह्या हातात काय आहे?

अवं आता! आता कायमधून बोलून राह्यलीस! चोंगा. काळा आहे? …दांडा वाकलेला, कानाकडं वाटी अन् तोंडाकडं वाटी? …भिंतीवरचा जुना नाई ना, कान वेगळा अन् तोंड वेगळं? …ह्याच वर्सी नवा आला. तोंडाच्या वाटीले भोकं किती, मोज. मधात एक, भोवती? …सहा. इथी बी सहा. एकच साचा आहे, बाई! एका दवाखान्याच्या सहा खिडक्या सहा तऱ्हेच्या, पण चोंगा इथी तसा तिथी!

आता ऐक. एक वीत चोंग्यावर लाव. कानाच्या वाटीच्या बाहेरच्या कडेले अंगठा, अन् करंगळी कुठी जाते ते पाह्य. कानापासून काढावा लागंल, हो. मी आहे. मी कुठी नाई जात. लाव.

…

मुखरूभाऊ, एक मिनिट. एकच. फोन तुमचाच आहे, खाऊन नाई टाकत.

…

हां! कुठी? …तोंडाच्या वाटीच्या काठाले? आतल्या की बाहेरच्या? …आतल्या. दांडा संपते अन् वाटी सुरू होते तिथी. बरोबर काठावर, की पुढं? …बरोबर. पुन्हा एकदा लाव. माह्यासाठी. ताणू नको, खिडकीले लावली होतीस तशीच.

…

तिथीच. बेस. दोन्ही वेळा तिथीच. अशा तीन विती. खूण केली म्या, माह्या चोंग्यावर, पेन्सिलीनं.

जाळी? जाळी आहे ना. …नाई, गोदामात नाई. नागपूरहून यायची आहे. दुसरी एक आहे. …तुले काय करायचं, कोनती?

नमुन्याची.

हो, त्याचीच काढतो. …येतील ना साहेब चार वाजता. येऊ दे. …काय दाखवू? चौकट दाखवीन. अन् पेन्सिल घालून दाखवीन. …जाईल काम त जाईल, बाई. साठ घरांत साठ फटी लावून मी इथी जेवत बसू का?

ते सोड. तू पहिले जा. लुगडं ठोस, अन् इसरूले सांग, भाऊ न सरकणारी करून राह्यला. सांग, बुधरीच्याच खिडकीची आहे, दुसऱ्या कोन्या खिडकीले बसणार नाई. अन् त्याले…

हॅलो?

बाई, त्याले आत येऊ दे, आयकलं का? खिडकी आता उघडणार नाई, पोरीले कुठून पाहील तो… हॅलो?

हॅलो. ऑपरेटर भाऊ?

हॅलो…

गेली लाइन.

चैतूभाऊ, आरा राहू द्या आता बंदच. जंबूर आणा. हो, नमुन्याचेच खिळे काढायचे आहेत. …मी काई येडा झालो नाई, आणा तुम्ही. अन् माही फूटपट्टी.

ठेवतो, मुखरूभाऊ, ठेवतो. चोंगा मोजू द्या आधी.